ऊन तापलं म्हणून सोलरची वीज वाढत नाही

"भुसावळचा पारा 45 वर गेला की छतावरचं सोलर सगळ्यात जास्त वीज देतं," असा मेसेज उन्हाळ्यात फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे. पण पॅनल वीज बनवतं उजेडातून, उष्णतेतून नाही. त्याची क्षमता मोजतात ती पॅनल 25 अंशांवर असताना. पुढे दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. मे महिन्यात भर दुपारी पॅनल 65 अंशांपर्यंत तापतं, काचेवर हात ठेववत नाही, तेव्हा घट 12 ते 16 टक्के. म्हणूनच पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळलाच पाहिजे.

पडताळायचं असेल तर मार्चच्या सुरुवातीला, निरभ्र दुपारी साडेबाराला इन्व्हर्टरवरचा किलोवॅटचा आकडा लिहून ठेवा आणि मेमध्ये पुन्हा बघा. दोन्ही वेळी पॅनल आदल्या संध्याकाळी धुतलेलं हवं, कारण धूळही वीज खाते.