जर्मनीत इंटरनॅशनल बिझनेसचं मास्टर्स: आधी मार्कशीट, मग युनिव्हर्सिटीची नावं

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "इंटरनॅशनल बिझनेससाठी जर्मनीतल्या चांगल्या पाच युनिव्हर्सिटी सांगा ना." आम्ही जर्मनीतल्या ॲडमिशनचा सल्ला देतो, आणि आम्ही म्हणतो, आधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट पाठवा मग बोलू. काही पालकांना याचा राग येतो, नुसती नावं सांगायला काय जातं असं वाटतं, म्हणून कारण एकदा नीट लिहून देतोय. आयईएलटीएस, ब्लॉक्ड अकाउंट (तिकडच्या राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायचे पैसे, सध्या वर्षाला ११,९०४ युरो), व्हिसा हे बहुतेकांना माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही.

खरी अडचण होते ती कोर्सचं नाव बघून अर्ज करण्यामुळे. जर्मनीतले बरेचसे मास्टर्स "कन्सेक्युटिव्ह" असतात, म्हणजे तुमच्या बॅचलर्सवर उभे असतात. नुसता फर्स्ट क्लास असून भागत नाही, बॅचलर्समध्ये बिझनेस आणि इकॉनॉमिक्सचे किती क्रेडिट झालेत ते मोजतात, कुठे कुठे स्टॅटिस्टिक्स-मॅथ्सचे वेगळे मोजतात. ही अट कोर्सच्या चकचकीत पानावर एका ओळीत असते आणि खरी भानगड प्रवेश नियमांच्या पीडीएफमध्ये, तीसुद्धा अनेकदा फक्त जर्मनमध्ये. तिथे मुलं पोचतच नाहीत.

हिशोब असा असतो. तिकडे एका वर्षाचा पूर्णवेळ अभ्यास म्हणजे ६० ईसीटीएस (युरोपात क्रेडिट मोजायचं माप), मास्टर्स संपताना एकूण ३०० व्हावे लागतात. तीन वर्षांचं बीकॉम किंवा बीबीए साधारण १८० धरतात, मग चार सेमिस्टरचा १२० चा कोर्स बरोबर बसतो, पण तीन सेमिस्टरचा ९० चा कोर्स असेल तर तो आधीचे २१० मागतो आणि ३० कमी पडतात. काही ठिकाणी ते भरून काढू देतात, काही ठिकाणी थेट नकार. नवीन शैक्षणिक धोरणात चौथं ऑनर्सचं वर्ष करणाऱ्यांचा हा प्रश्न बहुतेक सुटतो, आत्ता तिसऱ्या वर्षाला असाल तर याचा विचार जरूर करा.

इंजिनिअरिंगवाल्यांचं उलटं असतं. चार वर्षं म्हणजे २४०, एकूण भरपूर, पण त्यात बिझनेसचा म्हणावा असा इंडस्ट्रियल मॅनेजमेंटसारखा एखाद-दुसरा पेपर. समजा सहा सेमिस्टरच्या डिग्रीत एकूण १३२ क्रेडिट आहेत, तर ४ क्रेडिटचा एक पेपर (१८० भागिले १३२, गुणिले ४) ढोबळमानाने साडेपाच ईसीटीएस होतो (युनिव्हर्सिटी आपापल्या पद्धतीने मोजते, पण अंदाज येतो). बीईला एकूण क्रेडिटही जास्त आणि ईसीटीएसही, म्हणून तिथेही एक पेपर फार तर सहा-सात ईसीटीएसचा, आणि कोर्सला बिझनेसचे ६० हवे असतील तर उत्तम सीजीपीए असूनही अर्ज बाद होतो. मुलगा हुशार आहे हो, पण दार चुकीचं ठोठावलं.

मार्कांचंही तसंच. आपल्याकडे ६४ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, घरात पेढे. जर्मन पद्धतीत १ सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. कमाल १००, पास ४० धरलं तर कमाल मार्कांतून तुमचे वजा करायचे, म्हणजे ३६, त्याला ६० ने भागायचं, ३ ने गुणायचं, १ मिळवायचा. आलं २.८. अनेक कोर्स २.५ मागतात, म्हणजे ७० टक्के. हे गणित घरी पाच मिनिटांत होतं, अर्ज भरायच्या आधी करा.

कारण चूक झाली की किंमत मोजावी लागते. युनि-असिस्टला (बऱ्याच जर्मन युनिव्हर्सिटींसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाचे ७५ युरो, त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येकाचे ३०, चार अर्ज केले तर १६५ युरो आणि रिजेक्ट झालं तरी पैसे परत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे बरेच कोर्स फक्त विंटर सेमिस्टरला सुरू होतात, त्यामुळे एक इनटेक हुकला की अख्खं वर्ष जातं.

एपीएसबद्दलही (कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र) एक सांगतो. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते लागतं, फी १८,००० रुपये. पण एपीएस आलं म्हणजे ॲडमिशन पक्की असं नाही, तुमची कागदपत्रं खरी आहेत एवढंच ते सांगतं, कोर्समध्ये बसता की नाही ते युनिव्हर्सिटी बघते. तरी लवकर करा, अनेक ठिकाणी अर्जासोबतच मागतात. आणि सरकारी युनिव्हर्सिटी म्हणजे फुकट हेही डोक्यातून काढा, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये (श्टुटगार्ट, मानहाइम वगैरे) आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात.

एमबीए वेगळं, त्याला सहसा नोकरीचा अनुभव लागतो आणि फीही मोठी. फ्रेशर असाल तर एमए किंवा एमएससीच बघा.

ज्यांचं गणित जर्मनीत बसत नाही त्यांना आम्ही तसं स्पष्ट सांगतो. दिल्लीची आयआयएफटी कॅटवर, हिंजवडीची सिम्बायोसिसची एसआयआयबी स्नॅपवर इंटरनॅशनल बिझनेसला घेतात, तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते. इंजिनिअरला कितीतरी वेळा तोच रस्ता सरळ पडतो. आमचं गिऱ्हाईक जातं पण तुमचं वर्ष वाचतं, आणि तसं सांगणं आम्हाला परवडतं कारण आम्ही कुठल्याच कॉलेजकडून कमिशन घेत नाही. फुकट सल्ला देणाऱ्या बऱ्याच जणांची कमाई तिकडच्या प्रायव्हेट कॉलेजकडून येते, मग यादीत कुठली नावं वर येणार ते तुम्हीच बघा. आमची फी तुमच्याकडून असते, म्हणून बांधिलकीही तुमच्याशीच.

तर येताना सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणा, एटीकेटी असेल तर तीही, लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर दिसतेच. कॉलेजचा सिलॅबस आणा, जुन्या पॅटर्नच्या मार्कशीटवर क्रेडिट छापलेले नसतात तेव्हा तोच कामी येतो. बीकॉमवाल्यांनी खास लक्ष द्या, बिझनेस इकॉनॉमिक्स, कॉस्ट अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स या पेपरांत नेमकं काय शिकवलं ते नीट मांडलं तर कमी वाटणारे क्रेडिट पुष्कळदा पुरे होतात, आणि आमचं सगळ्यात जास्त काम तिथेच असतं. पासपोर्टवर आणि मार्कशीटवर नाव वेगळं असेल (आईचं नाव, आडनाव पुढे-मागे) तर पहिल्याच भेटीत सांगा. पहिल्या भेटीत क्रेडिटचा तक्ता करून देतो, तो तुमचा, पुढचं काम आमच्याकडे द्या किंवा स्वतः करा. त्या भेटीची फी पुढच्या पॅकेजमधून वजा होते. विंटरसाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलै शेवटची तारीख असते, काही ठिकाणी मार्च-एप्रिललाच बंद होतं, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच आलात तर सगळं निवांत होतं.