श्वसनाभ्यास

मन निवावे आणि भावनांचा जोर आटोक्यात राहावा, म्हणून श्वासाची गती, खोली व लय जाणीवपूर्वक बदलण्याचा सराव. मोबाइलवर तो अलीकडे ‘ब्रेथवर्क’ या नावाने दिसतो. नागपुरात लोक प्राणायाम किंवा नुसते ‘अनुलोम-विलोम’ म्हणतात. शब्दांची ही अदलाबदल तितकीशी बरोबर नाही. पातंजल योगसूत्रांत प्राणायाम हे आठांपैकी चौथे अंग असून आसन साधल्यावर श्वास-प्रश्वासाच्या गतीचा विच्छेद, अशी त्याची व्याख्या आहे (२.४९). त्याची वाट समाधीकडे जाते. प्रस्तुत नोंदीचा विषय बराच अलीकडचा आहे : रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, निकालाच्या आदल्या दिवशी छाती धडधडते, अशा माणसाने सुरुवात कुठून करावी?

सुरुवात श्वास सोडण्यापासून करावी. हृदयाचे ठोके किंवा पचन यांवर आपला थेट ताबा नसतो. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवून बदलताही येतो. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगाने पडते, सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूच्या प्रभावाने ती मंदावते. हे पडताळायला यंत्र लागत नाही. मनगटावर दोन बोटे ठेवून सावकाश लांब श्वास सोडला, की ठोक्यांमधले अंतर वाढलेले पुष्कळांना बोटांखालीच कळते. ‘सुटकेचा निःश्वास’ आपण टाकतो, घेत नाही. भाषेला ही गोष्ट आधीच ठाऊक होती. तरी नवख्याचा पहिला प्रश्न ‘किती खोल घ्यायचा?’ हाच असतो, आणि मग तो छाती फुगवून बसतो.

कृती साधी आहे. सतरंजीवर उताणे झोपावे, गुडघे मोडून पावले जमिनीला टेकवावीत. एक हात छातीवर, दुसरा बेंबीवर. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. बहुतेकांचे पहिल्या दिवशी नेमके उलटे होते आणि शिकवणारा म्हणतो, ‘पोट कुठं हालून राहिलं, खांदेच उचलून राहिला न भाऊ!’ अशा वेळी बेंबीवर जाड वही किंवा पावशेर तांदळाची पुरचुंडी ठेवावी. ती वर-खाली होताना दिसली की श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायू, कामाला लागल्याचे डोळ्यांनाच कळते. हे जमल्यावर नाकाने तीन अंक मोजत पूरक (श्वास घेणे) आणि पाच मोजत रेचक (श्वास सोडणे). आठवड्याभराने चार आणि सहा. एक अंक सेकंदाचा धरला, तर मिनिटाला सहा श्वास होतात. रेचक संपताना हवेसाठी हापापल्यासारखे झाले, तर अंक मोठे झाले आहेत, कमी करावेत. रोज पाच मिनिटे पुरतात.

सहाचा हा आकडा जुन्या पाठांतराशीही जुळतो. इटलीतील संशोधकांनी २००१ साली लॅटिन जपमाळ (ख्रिस्ती प्रार्थना) आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र यांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्हींच्या उच्चाराने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असे आढळले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०२३ मधील अभ्यासात रोज पाच मिनिटे, महिनाभर, दोनदा श्वास घेऊन लांब सोडण्याचा सराव करणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. लांब सोडलेला तो श्वास म्हणजे आपला सुस्काराच.

पुढची पायरी अनुलोम-विलोमाची. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने घ्यायचा, अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडायचा. मग उजवीने घेऊन डावीने सोडला की एक आवर्तन झाले. सुरुवातीला कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, नको. झोपण्यापूर्वी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखे गुणगुणणे, उत्तम : गुणगुणताना रेचक आपोआप लांबतो. पहिले काही दिवस घरातले हसतात, तेवढे सोसावे.

नागपुरात या सरावाच्या दोन परंपरा शेजारी नांदतात. रामनगरातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ १९५१ पासून योगाचा प्रसार करीत आले आहे. दुसरी परंपरा बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेनंतर येथील असंख्य घरांत बुद्धवंदनेबरोबर आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणे, हीही ओळखीची झाली. शहराबाहेर माहुरझरीला धम्मनाग हे विपश्यना केंद्र आहे. या पद्धतीत अंक नाहीत, नाकपुडी दाबणे नाही; श्वास आखूड असेल तर आखूड, लांब असेल तर लांब, एवढेच जाणायचे. म्हणजे योगाभ्यासी श्वास घडवतो, आनापान करणारा तो पाहतो. दहा दिवसांच्या शिबिराचे पहिले तीन दिवस केवळ यातच जातात. ज्याने पाच मिनिटेही डोळे मिटून काढलेली नाहीत, त्याने एकदम शिबिराला जाण्याआधी घरी थोडा सराव केलेला बरा.

हवामानाचा विचार पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की भस्त्रिकेसारखे (भात्यासारखा जोरात श्वास घेण्या-सोडण्याचे) जोरकस प्रकार बंद ठेवावेत आणि सराव सूर्योदयापूर्वी उरकावा. जिभेची नळी करून केलेली शीतली तेव्हा हवीशी वाटते. पण तोंडाने घेतलेली हवा नाकातून गाळून येत नाही, म्हणून धुळीच्या दुपारी गच्चीवर ती करण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात पहाटे शेकोट्यांचा धूर जमिनीलगत साचतो. त्या दिवसांत फुटाळा तलावाच्या काठापेक्षा घरातली खोली बरी.

बागांमधून अनेकांची सुरुवात कपालभातीने, म्हणजे झटक्याने भराभर श्वास बाहेर फेकण्याने, होते, हे उलटे आहे. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात कपालभाती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते. भराभर श्वास घेत राहिले की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचतात, बोटांना मुंग्या येतात, गरगरते. काहींना ते शक्ती जागी झाल्याचे लक्षण वाटते. त्याच ग्रंथात सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही, नाहीतर तो साधकालाच मारतो, असा इशारा आहे. पेंच-ताडोबाच्या शेजाऱ्यांना तो अधिक फोड करून सांगायला नको.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार किंवा गर्भारपण असल्यास कुंभक व जलद प्रकार टाळावेत. भीतीचे झटके येणाऱ्या काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच अधिक गुदमरते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष तळपायांकडे न्यावे, तरीही जीव वर-खाली होत असेल तर सराव थांबवावा. चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. दोन-दोन आठवडे उदासी हटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर हे काम श्वासाचे नव्हे. नागपूरकर ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकृतिशास्त्र विभाग आहे. केंद्र सरकारची २०२२ पासूनची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर कधीही मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते.