टूर्निकेट बदनाम, सलाईनवर भरवसा

पायातून रक्ताची धार लागलीये, दाबून थांबत नाही, तर आता अ‍ॅम्ब्युलन्समधले लोक सरळ टूर्निकेट (जखमेच्या वर हातापायाला आवळून रक्त थांबवायचा पट्टा) आवळतात आणि सलाईन मात्र हात राखून देतात. 30-35 वर्षांपूर्वी सगळं बरोब्बर उलटं चालायचं.

टूर्निकेट तसं जुनंच, 1674 मध्ये मोरेल या फ्रेंच सर्जनने पट्टीत काठी घालून पीळ दिला, आजचा पट्टाही तसाच दांडी फिरवून आवळतात, रक्त थांबेपर्यंत आणि खालची नाडी लागेनाशी होईपर्यंत, दुखतं प्रचंड पण दुखतं म्हणून सैल करायचं नाही. पहिल्या महायुद्धात जखमी डॉक्टरपर्यंत पोचायलाच तासन् तास लागायचे, पट्टा तसाच राहायचा, पाय जायचा, आणि खापर फुटलं पट्ट्यावर. मग कित्येक दशकं 'अगदी शेवटचा उपाय' असंच शिकवलं, आणि व्हिएतनाम युद्धात वाचू शकणारे सैनिक नुसत्या हातापायाच्या जखमांनी गेले, हे वाचताना खरंच जीव तुटतो. 1996 मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी नियम बदलायला घेतले. पुढे इराक युद्धात बगदादच्या अमेरिकन लष्करी हॉस्पिटलच्या नोंदींत दिसलं की शॉकमध्ये (रक्त गेल्याने अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याच्या अवस्थेत) जायच्या आधी पट्टा लागला तर 90 टक्के वाचले, नंतर लागला तर 10.

सलाईनचं दुखणं वेगळं. बीपी पडलं की बाटल्यांवर बाटल्या चढवायच्या, आकडा वर यायचा, पण रक्त पातळ आणि गार होत जायचं, गोठायचं नाही, आणि वाढलेल्या प्रेशरने नुकतीच धरलेली गुठळी सुटायची. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने हा धोका 1918 मध्येच सांगितला होता! ह्यूस्टनमध्ये गोळी-चाकूने धडाला जखम झालेल्या 598 जणांवर अभ्यास झाला, 1994 मध्ये रिझल्ट आला, लगेच सलाईन दिलेले 62 टक्के वाचले आणि ऑपरेशनपर्यंत सलाईन न दिलेले 70 टक्के. (डोक्याला मार असेल तर मात्र बीपी कमी ठेवून चालत नाही.)

मग ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, धरलेली गुठळी विरघळू न देणारं, जपानच्या ओकामोटो दांपत्याने शोधलेलं स्वस्त औषध, 2010 मध्ये 40 देशांतल्या 20 हजारांवर पेशंटमध्ये त्याने मृत्यू कमी केले, पण ते 3 तासांच्या आत द्यायला हवं, उशिरा दिलं तर उलट नुकसान.

आता वाद आहे तो जागेवरच रक्त द्यायचा. 2018 च्या अमेरिकन अभ्यासात हेलिकॉप्टरमध्ये प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव भाग) दिल्यावर 30 दिवसांतले मृत्यू 33 वरून 23 टक्क्यांवर आले, 2022 च्या इंग्लंडमधल्या अभ्यासात रक्तपेशी आणि प्लाझ्मा देऊनही सलाईनपेक्षा फायदा दिसला नाही. आणि कल्पना काही नवी नाही, पहिल्या महायुद्धात आघाडीजवळ बर्फात साठवलेलं रक्त ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन लष्करी डॉक्टरने वापरलं होतं 1917 मध्ये.