सोयाबीनची वीट, मिठाचं पाणी

कोरियन पद्धतीने सोयाबीन रांजणात मुरवायचं तर आधी मिठाचं पाणी करून त्यात ताजं अंडं अलगद सोडायचं. तळाशी गेलं तर मीठ कमी, फारच वर उचललं गेलं तर मीठ जास्त. पाण्याबाहेर दिसणारा गोल आपल्या १० रुपयांच्या नाण्याएवढा असला की पाणी तयार. कोरियात यासाठी ५०० वॉनच्या नाण्याचं माप सांगतात. दोन्ही नाणी जवळपास सारखीच आहेत, एकाचा व्यास २७ मिलिमीटर, दुसऱ्याचा २६.५. या खुणेमागचं गणित पक्कं आहे. ताज्या अंड्याची घनता १.०८ च्या आसपास असते आणि १८ टक्के मिठाच्या पाण्याची १.१३. म्हणजे अंड्याचा साधारण चार टक्के भाग पाण्यावर राहायला हवा, आणि तेवढ्या भागाचा गोल नाण्याएवढाच येतो. अंडं मात्र ताजंच हवं. शिळ्या अंड्यातली हवेची पोकळी वाढलेली असते, त्यामुळे ते कमी मिठातही वर येतं. त्याच्यावर विसंबून मीठ कमी पडलं तर दोन महिन्यांत रांजणातून आंबूस वास येतो.

हे पाणी असतं ‘जांग’साठी. जांग म्हणजे सोयाबीन मुरवून केलेले कोरियन पदार्थ. त्यात मुख्य तीन: गानजांग हा पातळ सोया सॉस, द्वेनजांग हा घट्ट तपकिरी लगदा आणि गोचुजांग ही लाल मिरचीची गोडसर तिखट चटणी. कोरियन मालिकांमुळे किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, आपल्याकडेही माहीत झाली. पण कोरियन जेवणाचा पाया किमचीपेक्षा जांगवर जास्त उभा आहे. सूप, पालेभाजी, मांसाचं मुरवण, भातावरची चटणी, सगळ्यांत तोच. किमची घालण्याच्या सामूहिक प्रथेला, किमजांगला, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१३ मध्ये जागा मिळाली. जांगला ती मिळाली ३ डिसेंबर २०२४ रोजी. ‘सामगुक सागी’ हा कोरियाचा जुना इतिहासग्रंथ ११४५ सालचा. त्यात ६८३ साली सिल्ला राज्याच्या राजाच्या लग्नासाठी वधूकडे पाठवलेल्या जिनसांची यादी आहे. तांदूळ, मद्य, तेल आणि मध यांच्या बरोबरीने तिथे जांग आहे.

सोयाबीन आपल्याला नवं नाही. लातूर-वाशिमच्या शिवारात मैलोन्‌मैल तेच दिसतं. पण आपल्याकडे ते तेलाच्या गिरणीत जातं आणि उरलेली पेंड बहुतेक जनावरांच्या खाद्यात. डाळ म्हणून ते रुजलं नाही, याला कारणं आहेत. त्यात स्टार्च फार कमी असल्याने ते तुरीसारखं घोटलं जात नाही. कच्चट वास जाता जात नाही. शिवाय पचनातल्या ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं त्यात असतात, त्यासाठी ते भरपूर शिजवावं लागतं. एवढं सगळं असूनही दाण्याच्या वजनाच्या ३६ ते ४० टक्के प्रथिनं आहेत. ती सुटी कशी करायची, हा खरा प्रश्न. पूर्व आशियाने तो जिवाणू आणि बुरशीवर सोपवला. आपल्या ईशान्येकडेही तोच मार्ग सापडला होता: नागालँडचं अखुनी, मणिपूरचं हवाईजार, सिक्कीमचं किनेमा ही सगळी आंबवलेली सोयाबीनंच.

जांगचं काम नोव्हेंबरात, थंडी लागताना सुरू होतं. सोयाबीन रात्रभर, थंडीत बारा तासांपर्यंत भिजवायचं आणि मंद आचेवर चार-पाच तास शिजवायचं. अंगठा आणि करंगळीत धरून दाबला की दाणा सहज चिरडला पाहिजे. ही दोन बोटं मुद्दाम निवडली आहेत, कारण करंगळीत जोर नसतो. दाणा कच्चा राहिला तर आतलं प्रथिन उलगडलेलं नसतं आणि पुढे विकरांना, म्हणजे एन्झाइमना, त्यात शिरायला वाव मिळत नाही. उलट पाणी नीट निथळलं नाही तर पुढे विटेचा गाभा ओला राहून सडतो. दाणे गरम असतानाच उखळात कुटायचे. अगदी पीठ करायचं नाही, मधूनमधून अर्धे दाणे दिसायला हवेत. फार घट्ट, गुळगुळीत वीट आतून वाळत नाही. सुमारे दीड-दोन किलोची चौकोनी वीट थापली की झाली ‘मेजू’.

विटा आधी पेंढ्यावर मांडून काही दिवस बाहेरून कोरड्या करायच्या, मग भाताच्या पेंढ्याच्या दोरीने शिंक्यासारख्या बांधून वळचणीला किंवा उबदार खोलीत टांगायच्या. पेंढा इथे दोरीपेक्षा जास्त काम करतो. त्यावर ‘बॅसिलस सबटिलिस’ या जिवाणूचे बीजाणू असतात, आणि ते उकळत्या पाण्यातूनही वाचतात. कोरियन भाषेत या जिवाणूचं नावच ‘वाळल्या गवताचा जिवाणू’ अशा अर्थाचं आहे. विटेच्या आत त्याचं राज्य, तर पृष्ठभागावर हवेतून आलेल्या बुरशीचं, विशेषतः ‘ॲस्परजिलस ओरायझी’चं. वीट वाळताना तिला भेगा पडतात आणि त्यांतून बुरशी आतवर उतरते. २५ ते ३० अंश सेल्सियसला चार ते आठ आठवडे हा संसार चालतो. खोलीत अमोनियाचा उग्र दर्प भरतो. प्रथिनं तुटत असल्याची ती खूण आहे, आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये मेजू करणं मागे पडण्याचं एक कारणही.

चांगल्या मेजूवर पांढरी आणि पिवळसर बुरशी दिसते आणि फोडल्यावर आतला रंग तपकिरी असतो. वरवरची थोडी काळी-हिरवी बुरशी ब्रशने धुऊन निघते. पण ती फोडलेल्या विटेच्या गाभ्यातही दिसली, किंवा आत चिकट ओलसर सडका भाग लागला, तर वीट फेकून द्यायची. ‘ॲस्परजिलस ओरायझी’ची जवळची बहीण ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ अफ्लाटॉक्सिन हे विष बनवते, आणि नुसत्या डोळ्यांनी या दोघींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो तीच इथे लागते. थोड्या सोयाबीनसाठी जोखीम घेऊ नये.

आता मिठाची पाळी. कोरियन चांद्र वर्षाचा पहिला महिना, म्हणजे साधारण फेब्रुवारी, यासाठी उत्तम मानतात. प्रमाण असं: ६ किलो वाळलेला मेजू, २० लिटर पाणी आणि सुमारे साडेचार किलो मिठागराचं जाडं मीठ. नुकतं काढलेलं मीठ चालत नाही. ते गोणीत ठेवून त्यातलं कडू पाणी निथळू द्यावं लागतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि तो कडवटपणा जांगमध्ये उतरतो. मीठ आदल्या रात्री विरघळवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी फडक्यातून गाळायचं. मेजू झटपट धुऊन उन्हात कडक वाळवायचा, रांजणात रचायचा आणि पाणी ओतायचं. वर तांबडालाल झालेला कोळसा, सुक्या मिरच्या आणि खारका-बोरांसारखं दिसणारं सुकं कोरियन बोर टाकतात. कोळसा वास शोषतो. मेजू तरंगतो म्हणून बांबूच्या पट्ट्यांनी तो पाण्याखाली दाबायचा आणि वर डोकावणाऱ्या भागावर मूठभर मीठ भुरभुरायचं. पाण्याबाहेर राहिलेला कोपरा सगळ्यात आधी बिघडतो, हे लोणचं घालणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

रांजणात पुढे काय होतं? विटेतल्या जिवाणूंनी आणि बुरशीने दोन महिन्यांत भरमसाट विकरं तयार करून ठेवलेली असतात. १८ टक्के मिठात त्या जिवाणू-बुरशींतल्या बहुतेकांचं काम बंद पडतं. पण विकरं म्हणजे जीव नव्हेत, ती रेणूंची अवजारं आहेत. कामगार निघून गेले तरी अवजारं चालत राहतात. मंदगतीने, महिनोन्‌महिने ती प्रथिनांच्या लांब साखळ्या कापून अमिनो आम्लं सुटी करतात. त्यातलं ग्लुटामिक आम्ल म्हणजेच ती भरीव, जिभेवर रेंगाळणारी चव. मिठामुळे सडवणारे जिवाणू दूर राहतात. मीठ सोसणारे मोजके, जसे ‘टेट्राजेनोकॉकस’ हा जिवाणू आणि ‘झायगोसॅकरोमायसिस’ हे यीस्ट, किंचित आंबटपणा आणि सुवास घालतात. अमिनो आम्लं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून रंग गडद होत जातो. भाकरीच्या पापुद्र्याला तव्यावर जो खरपूस रंग दोन मिनिटांत येतो, तो इथे यायला वर्षं लागतात.

म्हणून हा क्रम उलटा चालत नाही. शिजवलेलं सोयाबीन सरळ मिठात घातलं तर फक्त खारट सोयाबीन मिळतं, कारण अवजारं घडलेलीच नसतात. मीठ १५ टक्क्यांच्या खाली गेलं तर सडवणारे परततात. २२-२३ च्या वर गेलं तर विकरंही मंदावतात आणि वर्षभरानंतरसुद्धा चव उथळच राहते. उशिरा, एप्रिलच्या सुमारास जांग घालणारे मीठ थोडं वाढवून २० टक्क्यांपर्यंत नेतात, कारण पुढे ऊन चढणार असतं.

रांजण असतो ‘ओंग्गी’, जाड कणांच्या मातीचा, राख आणि मातीची झिलई देऊन सुमारे १२०० अंशांना भाजलेला. त्याच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रं असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये खारवलेल्या कोबीवर तुलना करून पाहिली. ओंग्गीच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड झिरपत बाहेर गेला, आतला साठा काचेच्या बरणीच्या निम्म्याहून कमी राहिला आणि आंबवणारे जिवाणू वेगाने वाढले. मोठ्या घरांत या रांजणांसाठी उन्हातला, वारा खेळणारा वेगळा कट्टा असतो, त्याला जांगदोक्दे म्हणतात. नॉनसानच्या म्योंगजे वाड्यातल्या रांजणांच्या रांगा पाहायला आज पर्यटक जातात. सकाळी ऊन आलं की झाकण उघडायचं, तोंडाला दादरा बांधलेला असतोच, आणि संध्याकाळी झाकायचं. पावसाची एक सर आत गेली की वरच्या थरातलं मीठ पातळ होऊन भुरी धरते. ही पांढरी साय बहुधा यीस्टची असते. ती काढून, मीठ घालून, ऊन दाखवलं की जांग सहसा सावरतो. माश्यांचा त्रास इतका जुना आहे की म्हणच पडली आहे: ‘अळ्यांच्या भीतीने जांग घालायचं सोडायचं का?’

४० ते ६० दिवसांनी रांजणाची वाटणी होते. वरचं पाणी गाळून निघालं की ते गानजांग. खालचा फुगलेला मेजू कुस्करून, थोडं गानजांग मिसळून, दुसऱ्या रांजणात दाबून वर मीठ पसरलं की द्वेनजांग. तो आणखी सहा महिने ते वर्षभर मुरतो. ही तारीख ठरवणं म्हणजे दोघांत चव वाटून देणं. उशीर केला तर सगळं सत्त्व पाण्यात उतरून गानजांग सुरेख होतं आणि द्वेनजांग चोथट. घाई केली तर उलट.

चांगलं गानजांग दरवर्षी नव्यात मिसळत नेतात, आपण विरजण राखतो तसं. त्याला ‘बियाणं’ म्हणतात. २०१७ मध्ये सोलमधल्या राजभोजनात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना ३६० वर्षांच्या गानजांगमध्ये केलेलं मांस वाढलं, अशी बातमी गाजली होती. त्या रांजणातला प्रत्येक थेंब ३६० वर्षांचा नसतो. वंश तेवढा जुना असतो.

बाटली विकत घेताना लेबल वाचावं. ‘हानसिक’ किंवा ‘गुक’ गानजांग हे या मेजूच्या पद्धतीचं: रंगाने फिकं, चवीला जास्त खारट, सूप आणि भाजीसाठी. ‘यांगजो’ गव्हासह, निवडक बुरशीने केलेलं, गोडसर, वरून घ्यायला बरं. ‘सानबुनहे’ म्हणजे आम्लाने प्रथिनं तोडलेलं, मुरवलेलं नव्हेच. अनेक बाटल्यांवर एकूण नायट्रोजनचा आकडा असतो: १.० साधा, १.३ चांगला, १.५ उत्तम.

पहिल्यांदा करून पाहायचं तर द्वेनजांग-जिगे, म्हणजे द्वेनजांगचं दाटसर सूप, करावं. तांदूळ दुसऱ्यांदा धुतलेलं पाणी अर्धा लिटर घ्यायचं, त्यातला स्टार्च लगदा धरून ठेवतो. त्यात दीड मोठा चमचा द्वेनजांग गाळणीतून विरघळवायचा आणि कांदा, बटाटा, कोवळा दुधीसारखा भोपळा घालून दहा मिनिटं उकळायचं. शेवटी टोफू आणि हिरवी मिरची. वेगळं मीठ अजिबात नको. शाकाहारी असाल तर हॉटेलात आधी विचारा, कारण मूळ रस्सा बहुधा सुक्या मासळीचा असतो. घरी त्याऐवजी दोन-तीन सुकी शिताके अळिंबी अर्धा तास भिजवून तेच पाणी वापरलं की काम होतं.