ईश्वराची व्याख्या

ईश्वराची व्याख्या करणे आणि ईश्वर आहे असे सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. व्याख्येने फक्त कोणाविषयी बोलत आहोत ते इतरांपासून वेगळे करून दाखवायचे असते.

न्यायशास्त्रात कोणतेही लक्षण तीन दोषांवर तपासतात: अव्याप्ती (काही उदाहरणे बाहेर राहणे), अतिव्याप्ती (नको ते आत येणे) आणि असंभव (एकालाही लागू न होणे). ‘ज्याची पूजा होते तो ईश्वर’ हे लक्षण अतिव्याप्त आहे. पूजा नद्यांची आणि पूर्वजांचीही होते. ‘जगाचा कर्ता’ हे त्याहून बरे, पण योगसूत्रातला (1.24) ईश्वर म्हणजे क्लेश, कर्म, कर्मफळ व संस्कार यांचा स्पर्श नसलेला पुरुषविशेष, म्हणजे एक विशेष आत्मा. तिथे कर्तृत्वाचा उल्लेखच नाही, म्हणजे ही अव्याप्ती झाली.

वेदान्ताने यातून काढलेली वाट सर्वांत उपयोगी आहे. ‘ज्यावर कावळा बसला आहे ते देवदत्ताचे घर’ असे सांगितले की घर सापडते, कावळा मात्र घराचा भाग नसतो. हे तटस्थलक्षण: वस्तूबाहेरच्या खुणेने दिलेली ओळख. ब्रह्मसूत्रातले ‘जन्माद्यस्य यतः’ (1.1.2), म्हणजे ‘ज्यापासून या जगाची उत्पत्ती वगैरे होते ते’, हे अद्वैती याच प्रकारचे मानतात, ‘सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म’ हे तैत्तिरीय उपनिषदातले वचन (‘ब्रह्म सत्य, ज्ञान आणि अनंत आहे’) मात्र स्वरूपलक्षण, म्हणजे वस्तूच्या स्वरूपानेच दिलेली ओळख.

शास्त्राधारे व्याख्या करताना अन्योन्याश्रय दोष हमखास येतो: ग्रंथ प्रमाण का, तर तो ईश्वराचा, ईश्वर कसा, तर ग्रंथ सांगतो तसा. मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे दार्शनिक) वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेला, मानून यातून सुटतात, पण मग वेदाच्या प्रामाण्यासाठी ईश्वराची गरजच उरत नाही. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे अनुयायी, अनुमान पुढे करतात: पृथ्वी वगैरे कार्य आहे, म्हणून घटाप्रमाणे तिलाही कर्ता आहे. रामानुजांचा यावरचा आक्षेप बिनतोड आहे. मोठी कामे अनेक कर्ते मिळूनही करतात. एकच सर्वज्ञ कर्ता अनुमानातून निघत नाही, त्यासाठी शास्त्रच हवे.

साक्षात्कारातून ओळख मिळते, लक्षण नव्हे. बायबलमध्ये (निर्गम 3:14) मोशे ईश्वराला त्याचे नाव विचारतो, तेव्हा ‘मी आहे तो मी आहे’ असे उत्तर येते. शिवाय दिसले ते ईश्वरच, हे ठरवायला ईश्वराची काही कल्पना आधीपासून लागतेच.

अकराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक अन्सेल्मने ‘ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते’ अशी व्याख्या केली आणि तीतूनच अस्तित्वही काढले. अस्तित्व हा वस्तूच्या संकल्पनेत भर घालणारा गुणधर्म नाही, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्ये दाखवले. तो आघात सिद्धतेवर आहे. व्याख्या त्यानंतरही वापरता येते.

मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने ईश्वराच्या स्वरूपाविषयी केवळ निषेधात्मक विशेषणे (तो काय नाही हे सांगणारी) मान्य केली. ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसचे त्यावर म्हणणे असे, की ईश्वराला ‘जिवंत’ म्हणणाऱ्याला ‘तो निर्जीव नाही’ याहून अधिक काही म्हणायचे असते.