पॅटिसचे पदर मोजताना

यूट्यूबवर घरच्या पॅटिसची कृती शोधायला गेलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, मैद्यात चिमूटभर बेकिंग पावडर घाला, म्हणजे पफ फुलेल. दोन, सहा घड्या घालाच, म्हणजे ७२९ थर होतात. पहिल्याची गरज नाही. दुसऱ्याचं गणित बरोबर आहे, पण ते मैद्याला झेपत नाही.

पफ फुलवतं ते पाणी. वाफ झाली की त्याला आधीच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. मळलेल्या मैद्यात पाणी असतंच, बटरमध्येही साधारण १६ टक्के असतं. ओव्हनमध्ये बटर वितळतं, पण वरचा आणि खालचा पदर एकमेकांना चिकटू देत नाही. मधे कोंडलेली वाफ वरचा पदर उचलते, ग्लुटेनमुळे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनांच्या जाळीमुळे, तो न फाटता ताणला जातो, आणि तोवर स्टार्च शिजून, प्रथिनं घट्ट होऊन आकार पक्का होतो. हे व्हायच्या आत ओव्हनचं दार उघडून डोकावलात तर पॅटिस बसलंच. चिरोट्यात तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा हेच काम करतो, फक्त तिथे उष्णता तळणीच्या तुपातून येते.

आता घड्या. मैद्याच्या लाटीत बटरचा एक थर ठेवून तिपदरी घडी घातली की बटरचे थर ३ होतात. पुन्हा लाटून घडी घातली की ९, मग २७, ८१, २४३ आणि सहाव्या घडीला ७२९. शेवटी आपण हे सगळं ४ मिलिमीटर जाडीचं लाटतो. त्यात एक तृतीयांश बटर धरलं तर मैद्याच्या वाट्याला २.७ मिलिमीटर उरतात, आणि ते ७३० पदरांत वाटायचे. एकेक पदर ०.००३७ मिलिमीटरचा, म्हणजे ३.७ मायक्रॉन. पण गव्हाच्या स्टार्चचे मोठे कणच १५ ते ३५ मायक्रॉनचे असतात! पदर त्याच्यातल्या कणापेक्षा पातळ कसा होणार? कण बटरचा थर भेदून पलीकडे जातात आणि शेजारचे पदर जागोजागी जोडले जातात. चार घड्यांचा हिशोब करा: मैद्याचे ८२ पदर, प्रत्येकी ३३ मायक्रॉन. एक मोठा कण जेमतेम मावतो. कसलेला कारागीर सहा घड्या घालतो तेव्हा फूल जास्त एकसारखी येते, हे खरं. पण घरी चार पुरेत. पदर भरपूर सुटतात.

खरी अडचण बटरची. साधारण १५ अंशांना ते वाकतं पण तुटत नाही. ३२ ते ३५ अंशांना वितळतं. मे महिन्यात ओट्यावर लाटायला घेतलं तर ते मैद्यात मुरतं आणि पॅटिसऐवजी नानकटाईसारखं काहीतरी हाती येतं. म्हणून दर घडीनंतर अर्धा तास फ्रीज. त्या वेळात ताणलेलं ग्लुटेनही सैल पडतं आणि लाटी आखडत नाही. अनेक बेकऱ्या बटरऐवजी जास्त तापमानाला वितळणारं मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं बटरसारखं स्निग्ध, वापरतात. काम सोपं होतं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो.

‘मैदा आतड्याला चिकटतो’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड इथे येणारच. मैद्यातला स्टार्च पचून त्याची साखर होते, चिकटून बसायला तो उरत नाही. तक्रार करायचीच तर मैद्यात तंतू फार कमी असतात ही करा, आणि पॅटिसच्या बाबतीत त्या एक तृतीयांश बटरची.

बटाटा-मटारचं सारण कोरडं आणि पूर्ण गार हवं, नाहीतर तळ कच्चा राहतो. कापायला धारदार सुरी घ्या; बोथट सुरी कडा दाबून पदर बंद करते. दूध किंवा अंडं फक्त वरून लावायचं, कडेला ओघळलं तर तिथे पदर चिकटतात. २१० अंशांना वीसेक मिनिटं, मग १८० वर चांगला तांबूस रंग येईपर्यंत. उरलेल्या कातरणांचा गोळा मात्र मळू नका. एकावर एक रचून लाटा, जिरं-मीठ भुरभुरा, पट्ट्या कापून भाजा. चहाबरोबर खारी तयार.