रात्रपाळीची मुभा आणि आयटीतल्या बायकांची करिअर : पार्श्वभूमी

आयटीत बायकांनी पुढे कसं जायचं, याची ठरलेली उत्तरं आहेत. नवं तंत्रज्ञान शिका, मेंटॉर शोधा, मीटिंगमध्ये गप्प बसू नका. सल्ला चुकीचा नाही. पण पहिली बढती मिळायच्या कितीतरी आधी एक गोष्ट ठरून गेलेली असते : अंधार पडल्यावर ऑफिसात कोण थांबू शकतं, आणि त्या माणसाला घरून आणायची, घरी सोडायची जबाबदारी कुणाची. या प्रश्नाचा इतिहास घड्याळ समोर ठेवूनच वाचावा लागतो.

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. क्लायंट कॉल, रिलीज (नवं सॉफ्टवेअर वापरात आणणं), प्रॉडक्शन सपोर्ट (चालू सॉफ्टवेअरची देखभाल), म्हणजे ज्या कामात माणूस क्लायंटच्या नजरेत भरतो आणि अप्रेझलला ज्याचं नाव निघतं, ते बरंचसं काम याच वेळेत चालतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ६६ नुसार बाईला कामावर ठेवायची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात. राज्य सरकारला ती मागेपुढे करता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत कोणतीही सवलत नव्हती. अमेरिकेचा कामाचा दिवस सुरू होतो साधारण तिथेच आपल्या कायद्यातला बाईचा दिवस संपत होता.

ही बंदी आली गिरण्यांतून. १८९१ च्या कायद्याने बायकांचे कामाचे तास अकरावर आणले, पुढे आंतरराष्ट्रीय करार झाले आणि रात्रीच्या कामाला मनाई पक्की झाली. ती मिळवलेली सुरक्षा होती, हे विसरून चालणार नाही. पण १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग-रीलिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत, आणि पुढच्या काही दशकांत हे प्रमाण घसरत गेलं. नवी यंत्रं, पाळ्यांची फेरमांडणी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च, रात्रीची मनाई, अशी कारणं सांगितली जातात. कोणतं किती खरं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. संरक्षणाचा खर्च किंवा गैरसोय एकट्या मालकाच्या गळ्यात पडली की तो बाईला घेणंच कमी करतो. आयटीतही हा क्रम पुन्हा दिसतो.

सॉफ्टवेअर कंपन्या मात्र फॅक्टरी कायद्याखाली आल्याच नाहीत. त्या आल्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली, ज्याला मुंबईत अजून गुमास्ता म्हणतात. किराणा दुकानाच्या शटरची वेळ आणि नोकरांची साप्ताहिक सुट्टी ठरवायला १९४८ मध्ये केलेला कायदा १९९० नंतर हिंजवडीच्या काचेच्या इमारतींना लागू झाला. त्यातही बायकांच्या कामाला रात्रीची मर्यादा होतीच. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० लागताना संगणक अडू नयेत म्हणून केलेल्या दुरुस्त्यांच्या, धामधुमीत आणि मग कॉलसेंटरच्या लाटेत ही मर्यादा उद्योगाला अडचणीची झाली. त्याच काळात विनाअनुदानित महाविद्यालयांतून कॉम्प्युटर आणि आयटीच्या पदव्या घेऊन मुली मोठ्या संख्येने बाहेर पडत होत्या. पुण्यात तर १९९१ मध्ये फक्त मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झालं होतं. मनुष्यबळ तयार होतं, कायदा आडवा येत होता.

डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फॅक्टरी कायद्याच्या कलम ६६ मधली रात्रीची मनाई घटनाबाह्य ठरवली आणि सुरक्षेच्या अटींसह रात्रपाळीची वाट मोकळी केली. २००२ मध्ये कर्नाटकाने आपला दुकान कायदा बदलून आयटी आणि कॉलसेंटरना सूट दिली. महाराष्ट्रातही साधारण त्याच सुमारास ही दारं उघडली. कामगार संघटनांतले अनेक जण याविरुद्ध होते, आणि स्त्रियांच्या चळवळीतही यावर दोन मतं होती. बंदी उठली की रात्रपाळी ऐच्छिक राहणार नाही, सक्तीची होईल, असं एका बाजूचं म्हणणं. बंदी राहिली तर चांगल्या पगाराच्या नोकऱ्या पुरुषांकडेच जातील, असं दुसरीचं. दोन्ही भाकितं थोडीथोडी खरी ठरली.

सूट अटींवर होती. वाहतूक द्या, सुरक्षा ठेवा, रात्रपाळी आलटून पालटून लावा. खरा वाद पेटला तो वाहतूक आणि सुरक्षेवरून.

डिसेंबर २००५ मध्ये बंगळुरूत रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा खून झाला. तिला घ्यायला आलेल्या गाडीचा चालकच आरोपी होता. कर्नाटक सरकारने दुकान कायद्याखाली कंपनीच्या प्रमुखावर खटला भरला : रात्री बायकांना कामावर बोलावण्याची परवानगी सुरक्षेच्या अटीवर होती, ती अट पाळली गेली नाही. खटला रद्द करून घेण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. उद्योगातली नाराजी उघड होती. गाड्या बाहेरच्या ठेकेदाराच्या, चालक ठेकेदाराचा, मग एका गुन्हेगाराच्या कृत्यासाठी व्यवस्थापनाला कोर्टात का उभं करायचं? २००८ च्या सुरुवातीला न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला.

तो निकाल यायच्या आधीच पुण्यात तेच घडलं. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पाळीवर जायला निघालेली बावीस वर्षांची मुलगी कंपनीने लावलेल्या कॅबमध्ये बसली. चालक आणि त्याच्या साथीदाराने तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. २०१२ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली, २०१५ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, आणि २०१९ मध्ये अंमलबजावणीला लागलेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने तिचं रूपांतर पस्तीस वर्षांच्या कैदेत केलं. बातम्यांत शिक्षेचीच चर्चा जास्त झाली. ऑफिसांत मात्र त्या एका रात्रीनंतर सगळ्या रोस्टरची (पाळ्यांच्या आणि गाड्यांच्या वेळापत्रकाची) घडीच बदलली. पहिला पिकअप बाईचा नको, शेवटचा ड्रॉप बाईचा नको, तसं जमत नसेल तर गाडीत गार्ड हवा. चालकांची पोलीस पडताळणी आणि गाड्यांना जीपीएसही आलं. पुण्यात ज्यांनी त्या वर्षांत शिफ्ट केली, त्यांना हे नियम तोंडपाठ आहेत.

आणि याच काळात, ६ डिसेंबर २००७ ला, सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात, दारू मिळणाऱ्या ठिकाणी बायकांना नोकरी नाकारणारं १९१४ च्या कायद्यातलं कलम रद्द केलं. सुरक्षेच्या नावाखाली बाईचं काम काढून घेऊ नका, काम करता येईल इतकी सुरक्षा उभी करा, असा त्या निकालाचा रोख होता. पुण्याच्या घटनेनंतर पाच आठवड्यांनी हे आलं. घाबरून पुन्हा बंदीकडे वळायचा मोह त्या महिन्यात अनेकांना झाला होता, म्हणून या निकालाचं मोल मला फार वाटतं.

पण सुरक्षेच्या नियमांना दुसरी बाजूही होती. गार्ड, स्वतंत्र गाडी, वळसा घालून जाणारा रूट, या सगळ्याला पैसे लागतात आणि तो खर्च प्रोजेक्टच्या हिशेबात दिसतो. टीम निवडताना मॅनेजरच्या मनात तो हिशेब येत नसेल, असं मानणं भाबडेपणाचं आहे. ‘तिला उशीर नको’ या काळजीच्या वाक्यानेच कितीतरी मुली टेस्टिंगकडे, डॉक्युमेंटेशनकडे, दिवसाच्या कामाकडे वळवल्या गेल्या. ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की रात्री-अपरात्री धावून जाण्याचं काम, करणारा पुढे टीमचा लीड झाला, लीड ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे, गेला. आयटीत आज बायका एक तृतीयांशाच्या थोड्या वर आहेत, आणि वरच्या पायऱ्यांवर हे प्रमाण झपाट्याने खाली येतं. त्यामागे घर आणि मुलं आहेतच. पण पहिल्या पाच वर्षांत कुणाला कोणतं काम मिळालं, हे त्याइतकंच मोठं कारण आहे.

महाराष्ट्राचा नवा दुकान कायदा डिसेंबर २०१७ मध्ये लागू झाला. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीने काम देता येतं. तिची सुरक्षा, लैंगिक छळापासून संरक्षण आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत वाहतूक ही जबाबदारी मालकाची. ‘दारापर्यंत’ हे कायद्यात आलं, ते २००५ आणि २००७ नंतर. संमतीचं प्रकरण मात्र अर्धवट राहिलं. अनेक ठिकाणी जॉइनिंगच्या दिवशी पीएफच्या आणि बँकेच्या फॉर्मसोबत रात्रपाळीच्या संमतीचा कागदही पुढे येतो, आणि नवी मुलगी पाचव्या सहीसारखी तीही सही करते. पुढे ती संमती मागे घेतली तर कोणतं काम मिळणार, हे त्या कागदावर नसतं. मला या कायद्याची सगळ्यात कच्ची बाजू हीच वाटते.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली आणि १ जुलैपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. रजा हवीच होती. पण बाळंतपणाच्या रजेचा पगार देणारा कर्मचारी राज्य विमा महिना एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला लागू असतो, आणि बहुतेक इंजिनिअर त्या मर्यादेच्या वर. म्हणजे त्यांच्या सहा महिन्यांच्या पगाराचा पूर्ण भार कंपनीवर. छोट्या कंपन्यांत इंटरव्ह्यूला आलेल्या नवविवाहितेला ‘पुढचा प्लॅन काय’ हा प्रश्न त्यानंतर थांबला नाही. गिरण्यांच्या वेळचा तोच क्रम. हा खर्च विम्यातून सगळ्यांनी मिळून उचलायला हवा होता, आणि तो निर्णय तेव्हा टाळला गेला.

परदेशी गेलेल्यांचा एक धागा इथे जोडायला हवा. नवऱ्याच्या एच-वन-बी या अमेरिकी नोकरी-व्हिसावर एच-फोर हा जोडीदाराचा व्हिसा घेऊन न्यू जर्सीला किंवा बे एरियात गेलेल्या कितीतरी मराठी इंजिनिअर मुलींना तिथे काम करायची परवानगीच नव्हती. मे २०१५ पासून, नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला असेल, तर ती मिळू लागली. तोवर अनेकींच्या रेझ्युमेत पाच-सात वर्षांची रिकामी जागा पडली होती, आणि आपल्याकडे परतल्यावर त्याच रिकाम्या जागेवरून प्रश्न विचारले गेले.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने बाईला सर्व प्रकारच्या आस्थापनांत, सर्व कामांवर घेता येईल असं म्हटलं, आणि संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेसाठी पुन्हा संमती आणि सुरक्षेची अट घातली. ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधल्या पाच वर्षांत रात्रीचे कॉल घरात आले. साडेदहाची मीटिंग आता स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून होते. ती घेणाऱ्या बाईला कॅब लागत नाही, गार्ड लागत नाही, म्हणून तिची संमतीही कुणी विचारत नाही. कंपनीच्या रोस्टरमध्ये ती दिवसपाळीलाच असते.